थंडीचें भविष्य कितपत खरें ?

मार्गशीर्ष लागला कीं घरोघर पेट्या उघडतात. वर्षभर डांबराच्या गोळ्यांच्या वासांत राहिलेल्या शाली व स्वेटर उन्हांत येतात, गोधड्या गच्चीवर पसरल्या जातात, आणि सकाळच्या चहाबरोबर वृत्तपत्रांतील एक बातमी हटकून वाचली जाते : यंदाचा हिवाळा कडाक्याचा जाणार, किंवा यंदा थंडी बेताचीच पडणार. शहरांतील कुटुंबांत ही बातमी घटकाभराच्या गप्पांचा विषय असते. घरांतील वृद्धांच्या दम्याची आठवण निघते, नाताळच्या सुटींतील उत्तरेकडच्या प्रवासाचा बेत पुन्हां एकदां तपासला जातो, आणि विषय संपतो. परंतु त्याच सकाळीं नाशिक जिल्ह्यांत निफाडच्या एखाद्या द्राक्षबागाईतदारानें तीच बातमी वाचलेली असते, आणि त्याला ती इतक्या सहजपणें बाजूस ठेवतां येत नाहीं. द्राक्षाचे मणी भरत असतांना उष्णतामान एकाएकीं फार खालीं गेलें तर त्यांची वाढ खुंटते, मणी तडकतात, आणि वर्षाची मेहनत व कर्जाचे हप्ते दोन-तीन रात्रींच्या हवालीं होतात. थंडीच्या भाकितावर विश्वास ठेवावा कीं नाहीं, आणि ठेवावा तर किती, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा नाहीं.

हा प्रश्न किती अवघड आहे याचें उदाहरण फार मागें जाऊन शोधावयास नको. २०२४ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस देशांतील अनेक वृत्तपत्रांनीं असें छापलें कीं पॅसिफिक महासागरांत ‘ला निना’ नांवाची स्थिति निर्माण होत असून तिच्यामुळें येता हिवाळा असामान्य थंडीचा जाईल. पुढें डिसेंबरच्या आरंभीं भारतीय हवामान खात्यानें आपला ऋतूचा अंदाज प्रसिद्ध केला. तो नेमका उलट होता : देशाच्या बहुतेक भागांत रात्रीचें उष्णतामान सरासरीहून अधिक राहण्याचा संभव आहे, आणि थंडीच्या लाटेचे दिवस नेहमींपेक्षां कमी असतील. हिवाळा सरतां सरतां २०२५ चा फेब्रुवारी आला, आणि १९०१ सालापासूनच्या नोंदींत देशाच्या सरासरी उष्णतामानाच्या दृष्टीनें इतका उबदार फेब्रुवारी दुसरा झाला नसल्याचें आढळून आलें. एकाच हिवाळ्याबद्दल दोन भविष्यें वर्तविलीं गेलीं. एक फसलें, दुसरें साधलें. यावरून वृत्तपत्रें खोटीं व खातें खरें असा सोपा निकाल द्यावासा वाटेल. परंतु एका हिवाळ्यावरून अंदाजाची परीक्षा होत नसते. ती कशी होते हें समजण्यासाठीं प्रथम थंडी पडते कशी, हें पाहिलें पाहिजे.

थंडी म्हणजे मुख्यतः उष्णतेची गळती होय. दिवसा सूर्यापासून मिळालेली उष्णता जमीन रात्रीं आकाशाकडे परत टाकीत असते. आकाश निरभ्र, हवा कोरडी व वारा पडलेला असला कीं ही गळती बिनअडथळा चालते. ढग आले किंवा हवेंत बाफ भरली म्हणजे जमिनीवर पांघरूण घातल्यासारखें होतें, आणि उष्णता अडून राहते. डिसेंबरच्या बाविसाव्या तारखेच्या सुमारास रात्र सर्वांत मोठी असते. त्यानंतर दिवस वाढूं लागला तरी कांहीं आठवडे जमिनीची मिळकत तिच्या खर्चाहून कमीच राहते, आणि म्हणून खरा कडाका बहुधा पौषांत जाणवतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानें वाढतो असें आपल्याकडे म्हणतात. खगोलाच्या हिशेबानें ती वाढ तीन आठवडे आधींच सुरू झालेली असते. पण अंगाला थंडी झोंबते ती मात्र संक्रांतीच्याच सुमारास.

या स्थानिक गळतीला उत्तरेकडील वाऱ्याची जोड मिळते. हिवाळ्यांत भूमध्य समुद्राच्या बाजूनें निघालेलीं कमी दाबाचीं क्षेत्रें इराण व अफगाणिस्तान ओलांडून एकामागून एक हिमालयाकडे येतात. त्यांना पश्चिमी झंझावात असें म्हणतात. ते येत असतांना उत्तर भारतांत आभाळ भरतें, रात्री उबदार होतात, पहाडांत बर्फ पडतें. ते पुढें सरकले कीं त्यांच्या पाठोपाठ कोरडा थंड वारा राजस्थान व मध्य प्रदेशावरून दक्षिणेकडे वाहूं लागतो, आणि लवकरच खानदेश, नाशिक, विदर्भ व मराठवाडा येथील पारा उतरतो. मुंबईला समुद्राचें संरक्षण आहे. तरीहि २२ जानेवारी १९६२ रोजीं सांताक्रूझ येथें उष्णतामान ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत खालीं आलें होतें. याउलट बंगालच्या उपसागराकडून दमट वारे आले कीं सारा डाव फिरतो. ३० नोव्हेंबर २०२४ रोजीं ‘फेंगल’ नांवाचें चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर चढलें, आणि त्याच्याबरोबर आलेल्या ढगांनीं महाराष्ट्रांतील नुकतीच सुरू झालेली थंडी कांहीं दिवस पळवून लावली. म्हणजे निफाडच्या एका रात्रीचें उष्णतामान सांगावयाचें तर भूमध्य समुद्र, हिमालय व बंगालचा उपसागर या तिघांचीहि खबर ठेवावी लागते.

अंदाजांतील शब्दांचा अर्थहि नेमका ठाऊक असावा लागतो. ‘थंडीची लाट’ हा शब्द बोलण्यांत कसाहि वापरला जात असला तरी हवामान खात्याच्या भाषेंत त्याला ठराविक माप आहे. सपाट प्रदेशांत किमान उष्णतामान १० अंश किंवा त्याहून कमी असून तें सरासरीपेक्षां निदान ४.५ अंशांनीं उतरलेलें असेल, तरच ती थंडीची लाट, ६.४ अंशांहून अधिक उतरलें तर ती तीव्र लाट. पारा ४ अंशांवर किंवा त्याच्याहि खालीं आला तर सरासरीचा विचार न करतां लाट मानतात. म्हणून पुण्यांत ११ अंशांवर दांत वाजत असले तरी खात्याच्या दप्तरीं लाट नसते, आणि सकाळीं कुडकुडणाऱ्या मनुष्यास अंदाज चुकला असें वाटतें.

असाच दुसरा घोटाळा उष्णतामान मोजण्याच्या जागेमुळें होतो. उष्णतामापक यंत्र जमिनीपासून सुमारें सव्वा मीटर उंचीवर, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटींत ठेवलेलें असतें. ही पेटी टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश इंजिनियरानें योजिली. प्रसिद्ध कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा. निरभ्र व निवांत रात्रीं गवताच्या पात्यावरील उष्णतामान या पेटींतील आंकड्याहून कित्येक अंशांनीं खालीं जातें. म्हणूनच महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहाटे दंव गोठून पांढरी चादर पसरलेली दिसते, आणि त्याच दिवशीं छापलेला आंकडा मात्र शून्याच्या बराच वर असतो. यांत कोणीच खोटें बोलत नाहीं. दोन ठिकाणचीं दोन उष्णतामानें सांगितलीं जातात, एवढेंच.

आतां अंदाजाकडे वळावें. हवामानाचा अंदाज जनतेसाठीं छापण्याची प्रथा एका दुर्घटनेंतून निघाली. २५ ऑक्टोबर १८५९ च्या रात्रीं सुटलेल्या वादळांत वेल्समधील अँगलसी बेटाच्या किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ नांवाचें जहाज फुटून सुमारें साडेचारशें माणसें प्राणांस मुकलीं. ब्रिटिश सरकारच्या हवामानविषयक कचेरीचे प्रमुख त्या वेळीं रॉबर्ट फिट्झरॉय हे होते; डार्विनला ‘बीगल’ जहाजावरून जगप्रदक्षिणेस नेणारे कप्तान ते हेच. किनाऱ्यावरील ठाण्यांची खबर तारायंत्रानें एकत्र करून त्यांनीं वादळाच्या सूचना देण्यास आरंभ केला, आणि १ ऑगस्ट १८६१ रोजीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत त्यांचा पहिला अंदाज प्रसिद्ध झाला. भविष्यकथनाशीं घोटाळा होऊं नये म्हणून त्यांनीं ‘फोरकास्ट’ हा निराळा शब्द मुद्दाम योजिला. परंतु लोकांनीं त्याला भविष्यच मानलें, आणि प्रत्येक चुकीची थट्टा होऊं लागली. १८६५ सालीं फिट्झरॉय यांनीं अनेक चिंतांनीं ग्रस्त होऊन आत्महत्या केली, आणि दुसऱ्याच वर्षीं ते जाहीर अंदाज बंद पडले. ते पुन्हां सुरू होण्यास बरींच वर्षें लागलीं. अंदाज व भविष्य यांतील भेद लोकांना न समजल्यामुळें शास्त्राचें व शास्त्रज्ञाचें किती नुकसान होतें, याचें हें पहिलें मोठें उदाहरण होय.

फिट्झरॉय यांच्या वेळीं अंदाज हा अनुभवी नजरेचा आडाखा होता. त्याचें गणित करावें हा विचार लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानें पुढें आणला. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें जखमींची गाडी चालवीत असतांना त्यानें हातानें आंकडेमोड करून सहा तासांनंतरचें हवामान काढण्याचा प्रयत्न केला. उत्तर सपशेल चुकलें : हवेचा दाब १४५ मिलिबारनें वाढेल असें निघालें, आणि प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिर राहिला होता. तरी १९२२ सालीं त्यानें आपली रीत, चुकलेल्या उत्तरासह, पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. जगाच्या हवामानाचें गणित हवामानाच्याच वेगानें करावयाचें तर ६४,००० गणिती एकत्र बसवावे लागतील असा त्याचा हिशेब होता. त्या गणित्यांचें काम १९५० सालीं अमेरिकेंत ‘एनिॲक’ या संगणकानें प्रथम केलें. चोवीस तासांच्या अंदाजाला त्याला जवळजवळ चोवीसच तास लागले. परंतु वाट सांपडली होती.

त्या वाटेनें शास्त्र आज पुष्कळ पुढें आलें आहे. जगभर ठराविक वेळीं, भारतांत पहाटे व सायंकाळीं साडेपांचच्या सुमारास, फुगे आकाशांत सोडून वरच्या हवेची स्थिति मोजली जाते. त्यांत उपग्रह, जहाजें व विमानें यांच्या नोंदी मिळतात. पुणेकर ज्या कचेरीला अजूनहि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ती १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली तेव्हां नकाशे हातानें काढले जात. त्याच पुण्यांत, पाषाणच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेंत, २०१८ सालीं ‘प्रत्यूष’ व २०२४ सालीं ‘अर्क’ हे महासंगणक बसविण्यांत आले. गेल्या कांहीं दशकांचा हिशेब पाहतां असें दिसतें कीं दर दहा वर्षांनीं अंदाजाचा विश्वसनीय पल्ला सुमारें एका दिवसानें वाढत आला आहे. आजचा पांच दिवसांचा अंदाज वीस वर्षांपूर्वींच्या तीन दिवसांच्या अंदाजाइतका चांगला उतरतो. पश्चिमी झंझावात सरकल्यावर उत्तरेचा वारा महाराष्ट्रांत केव्हां शिरेल, हें आज तीन-चार दिवस आधीं बरेंच खात्रीनें सांगतां येतें. या पल्ल्यांत चुका होतात त्या बहुधा ढगांमुळें व धुक्यामुळें. अनपेक्षित ढगांचा एखादा पातळ थर आला कीं रात्रीचा आंकडा तीन-चार अंशांनीं हुकतो. आणि दिल्लीकडील आगगाड्या व विमानें खोळंबविणारें धुकें नेमकें कोठें, किती वाजतां उतरेल व केव्हां विरेल, हें सांगणें अद्यापि फार कठीण आहे.

मग पल्ला असाच वाढत जाऊन एके दिवशीं सबंध हिवाळ्याचें वेळापत्रक आधींच छापतां येईल काय ? याचें उत्तर नकारार्थी आहे, आणि तें संगणकाच्या दुबळेपणामुळें नव्हे. १९६१ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ हे संगणकावर हवेचें एक साधें गणित चालवीत होते. जुनें गणित पुन्हां तपासण्यासाठीं त्यांनीं ०.५०६१२७ या आंकड्याऐवजीं ०.५०६ एवढाच आंकडा भरला. फरक नगण्य होता. पण थोड्याच वेळांत दोन्ही गणितें इतकीं निराळ्या दिशांना गेलीं कीं त्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असावा असें वाटेना. वातावरणाचा स्वभावच असा आहे : आजच्या मोजणींतील केसाएवढी चूक दिवसांगणिक फुगत जाते, आणि सुमारें दोन आठवड्यांनंतर अमक्या तारखेचें हवामान सांगण्यांत अर्थ उरत नाहीं. मोजणी सर्वस्वीं निर्दोष होणें शक्य नसल्यामुळें ही मर्यादा ओलांडतां येण्यासारखी नाहीं. म्हणून १९९२ सालापासून एका गणिताऐवजीं, आरंभींच्या आंकड्यांत किंचित् फरक करून, अनेक गणितें चालविण्याची रीत पडली. पन्नासांपैकीं पंचेचाळीस गणितांनीं थंडी दाखविली तर भरंवसा अधिक. पंचवीसांनीं ‘होय’ व पंचवीसांनीं ‘नाहीं’ म्हटलें तर अनिश्चितता हेंच खरें उत्तर.

येथें एक शंका येणें साहजिक आहे. दोन आठवड्यांपलीकडे दिसत नसेल तर तीन महिन्यांच्या हिवाळ्याचा अंदाज निघतो कसा ? तो निघतो, कारण त्यांत तारीख सांगावयाची नसते, कल सांगावयाचा असतो. हवा चंचल आहे, पण समुद्र मंद आहे. पॅसिफिक महासागराचें पाणी एकदां तापलें किंवा निवालें म्हणजे महिनोन् महिने तसें राहतें, आणि आपल्या परीनें जगाच्या वाऱ्यांना वळण लावतें. या संबंधाचा एक मोठा धागा भारतांतच सांपडला. १९०४ सालीं भारताच्या वेधशाळांचे प्रमुख झालेले सर गिल्बर्ट वॉकर यांनीं पावसाच्या अंदाजासाठीं जगभरचे आंकडे धुंडाळतांना असें पाहिलें कीं पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणें खालींवर होत असतो. एल निनो व ला निना यांची संगति पुढें या शोधाशींच लागली. परंतु समुद्राचा हा प्रभाव म्हणजे फांशाच्या एका बाजूस लावलेलें थोडें मेण होय. त्यामुळें एक दान जरा अधिक वेळां पडेल, इतकेंच सांगतां येतें. या खेपेस तेंच पडेल असें नव्हे.

ब्रिटनच्या हवामान खात्याला हा अनुभव कटु रीतीनें आला. २००९-१० चा हिवाळा सौम्य जाण्याचा संभव अधिक आहे असें त्यानें आधीं कळविलें होतें. प्रत्यक्षांत तो १९७८-७९ नंतरचा तेथील सर्वांत थंड हिवाळा ठरला. उत्तर अटलांटिक महासागरावरील हवेच्या दाबाची रचना उलटली, पश्चिमेचे उबदार वारे अडले आणि उत्तर ध्रुवाकडची हवा देशावर उतरली. मार्च २०१० मध्यें त्या खात्यानें जनतेसाठीं ऋतूंचे अंदाज प्रसिद्ध करणें थांबविलें. गणितानें सौम्य हिवाळ्याचा संभव अधिक दाखविला, पण कडक हिवाळ्याचा संभव शून्य म्हटलेला नव्हता. लोकांपर्यंत मात्र पहिलें अर्धेंच पोंचलें. २०२४ सालीं आपल्याकडे ला निनाच्या बातमीचें जें झालें तेंहि याच जातीचें. ला निना आली ती डिसेंबरांत, उशिरा, आणि तीहि अशक्त. शिवाय भारतांतील थंडीशीं तिचा संबंध मुळांतच सैल आहे. पश्चिमी झंझावात किती येतात व कोणत्या वाटेनें जातात यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें, आणि ती गोष्ट महिनाभर आधीं कळत नाहीं. ‘संभव आहे’ या शब्दांतून ‘संभव’ गळला आणि ‘आहे’ तेवढें उरलें.

अंदाज प्रामाणिक आहे कीं नाहीं हें पारखण्याची रीत कोणती ? ‘शंभरांत इतके खरे’ ही गणना वरवर सोपी दिसते, परंतु ती फसवी आहे. १८८४ सालीं अमेरिकेंत फिन्ले नांवाच्या अधिकाऱ्यानें चक्रवातांचे अंदाज वर्तविले, आणि त्यांतील ९६.६ टक्के खरे ठरल्याचें जाहीर केलें. त्यावर गिल्बर्ट नांवाच्या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं कांहींहि अभ्यास न करतां रोज ‘चक्रवात होणार नाहीं’ एवढेंच म्हटलें असतें तर ९८.२ टक्के यश मिळालें असतें ! थंडीच्या लाटेचेंहि तसेंच आहे. वर्षांतून मोजके दिवसच ती येत असल्यामुळें ‘उद्यां लाट नाहीं’ म्हणणारा मनुष्य बहुतेक दिवस बरोबर ठरेल, आणि ज्या रात्रीं त्याची गरज त्याच रात्रीं निरुपयोगी ठरेल. म्हणून पारखावयाचें तें हें कीं नुसती सरासरी सांगणाऱ्यापेक्षां अंदाज करणाऱ्यानें अधिक काय दिलें. १९५० सालीं ग्लेन ब्रायर या अमेरिकन शास्त्रज्ञानें संभवाच्या भाषेंत दिलेल्या अंदाजाला गुण देण्याची रीत बसवून दिली. ‘सत्तर टक्के संभव’ असें ज्या शंभर वेळां म्हटलें, त्यांपैकीं सुमारें सत्तर वेळां ती गोष्ट घडली, तर तो अंदाज सचोटीचा. उरलेल्या तीस वेळा म्हणजे चुका नव्हत. त्या आधींच कबूल केलेल्या असतात.

हीच कसोटी हवामान खात्याच्या यशालाहि लावली पाहिजे. पृथ्वीचें उष्णतामान वाढत चाललें आहे, आणि खातें ज्या सरासरीशीं तुलना करतें ती १९९१ ते २०२० या तीस वर्षांची आहे. अशा काळांत ‘यंदा सरासरीहून उबदार’ असें दरसाल म्हणणाराहि निम्म्याहून अधिक वेळां बरोबर ठरण्यासारखा आहे. तेव्हां २०२४-२५ च्या हिवाळ्याबद्दल खात्याला श्रेय द्यावें, पण तें हात राखून. दहा-वीस हिवाळ्यांचा हिशेब झाल्यावरच त्याची खरी किंमत कळेल. लोकपरंपरेंतील ठोकताळ्यांनाहि हीच कसोटी लागू आहे. अमेरिकेंतील पंक्सुटॉनी गांवीं १८८७ सालापासून दर २ फेब्रुवारीस मार्मोट जातीचा एक प्राणी बिळाबाहेर काढतात, आणि त्याला स्वतःची सांवली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे टिकेल असें मानतात. तेथील सरकारी संस्थेनें पडताळा घेतला तेव्हां त्याचें यश नाणें उडवून मिळणाऱ्या यशाहूनहि कमी भरलें. आपल्याकडे पाडव्याला वाचलें जाणारें वर्षफल किंवा बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळची अक्षय्यतृतीयेची घटमांडणी यांमागें श्रद्धा व जुनी परंपरा आहे, आणि त्यांचें स्थान त्या दृष्टीनें आहेच. परंतु ज्या कथनांत ठिकाण, तारीख व आंकडा नसतो, तें चुकलें असें कधींच सिद्ध करतां येत नाहीं. आणि जें चुकूं शकत नाहीं त्याच्यावर बागेचा खर्च बेततां येत नाहीं.

मग व्यवहारांत काय करावें ? पल्ल्यानुसार भरंवसा बदलावा, हें पहिलें सूत्र. एक ते तीन दिवसांच्या अंदाजावर काम बेतावें. चार ते सात दिवसांच्या अंदाजावर तयारी करावी, पण तो रोज नव्यानें पाहावा. हवामान खातें दर गुरुवारीं पुढील कांहीं आठवड्यांचा जो अंदाज देतें, त्यांतून फक्त कल घ्यावा. ऋतूच्या अंदाजावरून रजया किती घ्याव्या याचा विचार दुकानदारानें, किंवा गहू-हरभऱ्याच्या पिकाचा विचार शेतकऱ्यानें, इतर गोष्टींच्या जोडीला करावा. अमक्या आठवड्यांत थंडी पडेल म्हणून लग्नाची तारीख मात्र बदलूं नये. आणि सौम्य हिवाळ्यांतहि तीन रात्री जीवघेण्या असूं शकतात हें विसरूं नये. उघड्यावर झोंपणाऱ्या मनुष्याला, तान्ह्या मुलाला, दमेकरी वृद्धाला हिवाळ्याच्या सरासरीशीं कर्तव्य नसतें. त्यांना त्या तीन रात्रींशींच गांठ असते. खात्याच्या पिवळ्या, नारिंगी व तांबड्या इशाऱ्यांचा उपयोग तेवढ्यासाठींच आहे.

दुसरें सूत्र असें कीं संभव किती हें पाहतांना आपली जोखीम किती हेंहि पाहावें. समजा, एका रात्रीं बागेंत शेकोट्या पेटवून धूर करण्यास व पाणी सोडण्यास एक हजार रुपये लागतात, आणि तसें न केल्यास व थंडी आल्यास दहा हजारांचें नुकसान होतें. तर थंडीचा संभव शेंकडा दहाच्या वर गेला कीं खर्च करणें शहाणपणाचें आहे, मग दहांपैकीं आठ वेळां थंडी न येवो. शहरांतील गृहस्थाला मात्र तेवढ्याच संभवावर सहल रद्द करण्याचें कारण नाहीं. अंदाज एकच, त्यावरून निघणारे निर्णय दोन, आणि दोन्ही बरोबर.

पौषांतल्या एखाद्या पहाटे तीनच्या सुमारास निफाडकडच्या रस्त्यानें जाणाऱ्याला बागांतून शेकोट्यांचे ठिपके दिसतात. धुराचा थर वेलींच्या मांडवावर रेंगाळत असतो, आणि माणसें कानटोप्या घालून पाण्याचे नळ फिरवीत असतात. कधीं कधीं सकाळ होतां होतां ढग येतात, पारा उतरतच नाहीं, आणि रात्रभर जाळलेलें सर्पण फुकट गेलें असें वाटतें. तें फुकट गेलेलें नसतें. दाराला कडी घालून निजलेल्या घरांत चोर आला नाहीं म्हणून कडी वायां गेली असें कोणी म्हणत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पुन्हां अंदाज येतो, बागाईतदार तो पाहतो, आकाशाकडे एकदां नजर टाकतो, आणि सर्पण आणावयास माणूस पाठवतो.